काचेचा सांधा

१९७० च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड केक यांनी काचेच्या एका तंतूतून लेझरचा प्रकाश सोडला, पलीकडच्या टोकाला किती पोचला ते मोजले आणि वहीत आकड्यापाशी आनंदाचा उद्गार लिहून ठेवला. प्रकाशतंतूचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या वहीपाशी येऊन थांबतात. त्याच्या चार वर्षे आधी इंग्लंडमधल्या हार्लो गावी चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणिताने दाखवून दिले होते, की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी प्रकाश वाया जाईल. म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग तरी उरेल. केक, रॉबर्ट मॉरर आणि पीटर शुल्ट्झ या तिघांनी ते खरे करून दाखवले. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब या प्रयोगशाळेत इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांनी साध्या खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेझर तयार केला. काच मिळाली, दिवा मिळाला. यानंतर पान उलटले, की एकदम समुद्राखालच्या केबल आणि इंटरनेट.

मधले एक पान मात्र गळालेले असते. केक यांच्या हातात आलेली काच रिळावर गुंडाळलेली होती. रिळावर मावेल तेवढाच तंतू एका वेळी ओढता येतो, आणि केबलच्या ड्रमवर मावेल तेवढीच केबल एका वेळी जमिनीत घालता येते. रस्त्यावर दर एकदोन किलोमीटरला एक टोक संपते आणि दुसरे सुरू होते. ती दोन टोके एकमेकांना कशी लावायची, या प्रश्नाला १९७० मध्ये कोणाकडेही धड उत्तर नव्हते. ते मिळायला पुढली पंधरा वर्षे लागली, आणि माझ्या मते काच आणि लेझर यांच्या बरोबरीने मान मिळावा असेच ते काम आहे.

तांब्याच्या तारेची गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे टपाल-तार खात्यातले केबल स्प्लायसर खड्ड्यात बसून कागदात गुंडाळलेल्या शेकडो जोड्या एकेक करून पिळत, वर शिशाची स्लीव्ह चढवून ब्लोलॅम्पच्या आचेवर तिचे तोंड बंद करत. काम कष्टाचे आणि कसबाचेच होते. पण तारेला तार कुठेही घट्ट टेकली की वीज पलीकडे जाते; दोन टोके नेमकी समोरासमोर यावीत अशी तिची अट नसते. प्रकाशाची असते. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि प्रकाश वाहतो तो त्याच्या आतल्या गाभ्यातून. सुरुवातीच्या तंतूंत हा गाभा ५० मायक्रॉनच्या आसपास असे. एका तंतूच्या गाभ्यातून निघालेला प्रकाश दुसऱ्याच्या गाभ्यात शिरायचा, तर दोन्ही गाभे एका रेषेत हवेत, दोन्ही टोके आरशासारखी सपाट हवीत आणि मध्ये हवेची फट नको. यातले काही चुकले की प्रकाश बाजूने सांडतो किंवा उलटा फिरतो.

बेल लॅबमधल्या डी. एल. बिस्बी यांनी १९७१ च्या डिसेंबरमध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात काही पानांचा एक निबंध छापला. पद्धत वाचताना नवल वाटते ते तिच्या साधेपणाचे. दोन तंतू समोरासमोर टेकवायचे, सांध्याजवळ नायक्रोमच्या तारेचा छोटा तापक आणायचा आणि काच मऊ होऊन एकजीव होईपर्यंत तापवायचे. नायक्रोम म्हणजे आपल्या घरातल्या विजेच्या शेगडीत लाल होणारी तीच तार. डिंक नाही, चिमटा नाही, काचेला काचच जोडायची. तंतू वितळवून सांधण्याच्या कलेची सुरुवात मी इथून धरतो.

पण सांध्याआधी टोक हवे, आणि टोकाने संशोधकांना बराच काळ छळले. काचेचा केस कात्रीने कापला तर टोकाचा चुरा होतो. घासून गुळगुळीत करता येते, पण भर रस्त्यावर खड्ड्यात बसून दर तंतूला कोण घासत बसणार? १९७३ मध्ये बेल लॅबमधल्याच डेटलेफ ग्लोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्या चमूत बिस्बीही होते. त्यांनी काच कापण्याचा नाद सोडला आणि ती तोडायची कशी याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. तंतूवर हिऱ्याने बारीक ओरखडा काढायचा, मग तो ठरावीक वक्रतेच्या पृष्ठावर वाकवून ठरावीक ताणाने ओढायचा. ताण आणि बाक यांचे प्रमाण जुळले, तर ओरखड्यातून निघालेला तडा तंतूच्या आरपार सरळ धावतो आणि मागे आरशासारखा पृष्ठभाग सोडून जातो. ताण जास्त झाला, तर आरशाच्या पलीकडे आधी धुरकट आणि मग खडबडीत पट्टा उमटतो. फोटोफ्रेमच्या दुकानातला काचवाला हिरकणीने रेघ मारतो आणि हलकेच दाब देऊन काच दुभंगतो, तीच ही युक्ती. फक्त इथे काचेची रुंदी मिलिमीटरचा आठवा हिस्सा.

या तड्याला आणखी जुना इतिहास आहे. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेचे तंतू ओढून ओढून तोडले होते आणि १९२० मध्ये दाखवून दिले होते, की काच तिच्या अंगच्या ताकदीने तुटत नाही, पृष्ठावरच्या सूक्ष्म चिरांमुळे तुटते. धातू का मोडतात हे त्यांना समजून घ्यायचे होते. पन्नास वर्षांनी तीच समज टेलिफोनवाल्यांच्या कामी आली, आणि तोच तडा पुढे आणखी एकदा भेटणार होता, तेव्हा मात्र शत्रू म्हणून.

बिस्बी यांच्या नायक्रोमला एक मर्यादा होती. मऊ, लवकर वितळणाऱ्या काचेला ती आच पुरे. पण दूरवरच्या संदेशवहनासाठी टिकून राहिली ती शुद्ध सिलिकाची काच, आणि तिला नीट वितळवायला दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. त्याच्या कितीतरी आधी नायक्रोमचेच पाणी होते. मग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सगळीकडे आचेचा शोध सुरू झाला. फ्रान्समध्ये ऑक्सिजन-हायड्रोजनच्या सुईएवढ्या ज्योतीवर आणि प्लाझ्मावर प्रयोग झाले. कुणी कार्बन डायऑक्साइड लेझर वापरून पाहिला. बिस्बी यांनी स्वतः १९७६ मध्ये विजेच्या आर्कने सिलिका तंतू जोडल्याचे प्रसिद्ध केले. दोन टोकदार विद्युताग्रे समोरासमोर, मध्ये हवेतून उडणारी जांभळट ठिणगी, आणि त्या ठिणगीत धरलेली तंतूंची टोके. ज्योतीसाठी वायूच्या टाक्या वाहाव्या लागतात, लेझर तर त्या काळी टेबलभर पसरे. ठिणगीला एक बॅटरी पुरे, आणि तिची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजून देता येते. आर्क जिंकला तो या सोयीमुळे.

यात निसर्गाने एक देणगी आपणहून पदरात टाकली. पाण्याचे दोन थेंब जवळ आले की एक होतात आणि गोल होऊ पाहतात; वितळलेली काचही तशीच वागते. दोन टोके थोडी वरखाली धरून वितळवली, तर पृष्ठताण त्यांना खेचून एका रेषेत आणतो. कारागिराचा हात काही मायक्रॉनने चुकला तरी काच ती चूक स्वतःच दुरुस्त करते! जपानी संशोधकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. टोके एकमेकांना टेकवण्याआधीच, मध्ये बारीक फट ठेवून, ठिणगीने जराशी तापवायची. कडेचे दाते वितळून गोल होतात, धूळ जळून जाते, आणि मग टोके पुढे सरकवून एकमेकांत दाबली की आत बुडबुडा अडकत नाही.

हे सारे हाताशी येत असतानाच अमेरिकेने आधी वेगळी वाट धरली. १९७६ च्या आरंभी अटलांटात बेल कंपनीने केबलची मोठी चाचणी घेतली. एका केबलमध्ये १४४ तंतू, बारा-बारा तंतूंच्या बारा पट्ट्या. १९७७ च्या मे महिन्यात शिकागोच्या रस्त्यांखालून सुमारे अडीच किलोमीटरच्या केबलवरून खऱ्या ग्राहकांचे बोलणे, डेटा आणि चित्रे जाऊ लागली. त्याच्या काही आठवडे आधी, २२ एप्रिलला, कॅलिफोर्नियात लाँग बीच इथे जीटीई कंपनीने प्रकाशावरून टेलिफोनची वाहतूक सुरू केली होती. बेल कंपनीच्या पट्टीवाल्या केबलमध्ये सांधे वितळवून केले जात नव्हते. सिलिकॉनच्या चकत्यांवर बारीक खाचा कोरून त्यांत तंतू बसवायचे, चकत्यांची चळत रचायची आणि अशा दोन चळती समोरासमोर दाबायच्या. १४४ सांधे एका झटक्यात! हा विचार चुकीचा नव्हता. शहरी मॅनहोलमध्ये ज्वालाग्राही वायू साठतात, तिथे ठिणगी पाडणे धोक्याचे असते; आणि ५० मायक्रॉनचा जाड गाभा खाचेतली थोडीफार चूक पोटात घालतो.

ही सोय संपली ती गाभा बारीक झाला तेव्हा. जाड गाभ्यात प्रकाशाच्या अनेक वाटा असतात. कुठली लांब, कुठली आखूड. त्यामुळे दूर गेल्यावर संदेश विस्कटतो. आठ-नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात एकच वाट उरते. याला म्हणतात सिंगल मोड. १९७९ मध्ये जपानच्या एनटीटी या दूरसंचार संस्थेतल्या संशोधकांनी किलोमीटरमागे अवघा ०.२ डेसिबल गमावणारा असा तंतू जाहीर केला, तेव्हा लांबच्या पल्ल्यासाठी तोच लागणार हे उघड झाले. पण आता सांध्याचा हिशेब अगदीच कठोर झाला. या तंतूचे दोन गाभे एक मायक्रॉनने चुकले, तर सुमारे ०.२ डेसिबल जातो, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर काचेत जाईल तेवढा प्रकाश त्या एका सांध्यावर सांडतो. दोन मायक्रॉनने चुकले, तर नुकसान दुप्पट होत नाही, चौपट होते. शंभर किलोमीटरच्या वाटेवर पन्नास सांधे धरा. प्रत्येकी अर्धा डेसिबल गेला तर एकट्या सांध्यांपायी हजारातले तीनच भाग पलीकडे पोचतील. प्रत्येकी ०.०५ गेला तर शंभरातले छप्पन्न. सारा दूरसंचाराचा व्यवहार या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभा आहे.

आणि नेमका इथेच पृष्ठताण उलटला. तो एका रेषेत आणतो तंतूंची बाहेरची अंगे. आत गाभा कुठे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्या काळच्या तंतूंत गाभा नेमका मध्यावर नसे, थोडा बाजूला सरकलेला असे. कारागिराने डोळ्यांत तेल घालून गाभ्यासमोर गाभा आणावा आणि ठिणगी पडताच वितळलेल्या काचेने बाहेरची अंगे जुळवण्याच्या नादात गाभे पुन्हा हलवावेत, असा प्रकार होऊ लागला. कालपर्यंतचा सोबती आज आडवा आला.

एनटीटीमधल्या हाताकेयामा आणि त्सुचिया यांनी १९७८ च्या सुमारास सिंगल मोड तंतू आर्कने जोडण्याचे जे काम केले, ते मला या इतिहासाचा मध्यबिंदू वाटते. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून हळूहळू कळत गेले, की ठिणगीचा काळ, तिची ताकद आणि टोके आत ढकलण्याचे अंतर यांचे गणित जुळवले, तर काच एकजीव होण्याइतकी मऊ होते, पण गाभे ओढून नेण्याइतका अवधी तिला मिळत नाही. पुढे तर अशी यंत्रे आली, जी पृष्ठताण किती खेचणार याचा आधीच अंदाज घेतात आणि गाभे तेवढेच उलट्या बाजूला सरकवून ठेवतात, म्हणजे खेचले गेल्यावर ते बरोबर समोरासमोर येऊन थांबतात.

गाभा समोर आला आहे हे ओळखायचे कसे, ही दुसरी अडचण. सुरुवातीला एक माणूस खड्ड्यात आणि दुसरा दहावीस किलोमीटरवर केबलच्या टोकाला मीटर घेऊन बसे. खड्ड्यातला तंतू हलवी, टोकाचा माणूस फोनवरून सांगे: वाढला, वाढला, आता घटला. मग एक हुशार सोय निघाली. सांध्याच्या अलीकडे तंतूला बाक देऊन बाजूनेच आत प्रकाश घुसवायचा आणि पलीकडे बाक देऊन तो बाजूनेच बाहेर काढून मोजायचा. त्याहून पुढची झेप म्हणजे गाभा प्रत्यक्ष पाहणे. गाभ्याच्या आणि भोवतालच्या काचेच्या वक्रीभवनांकांत फरक एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. पण तंतूवर बाजूने उजेड टाकून भिंगातून पाहिले, तर तेवढ्या फरकाने गाभ्याची पुसट रेघ उमटते. काटकोनात दोन दिशांनी ती टिपायची, सूक्ष्म संगणकाने दोन्ही रेघा जुळवायच्या आणि मोटरींनी तंतू मायक्रॉनच्या अंशाने हलवायचे. ऐंशीच्या दशकात हे सारे एका पेटीत मावले. फुजिकुरा, सुमितोमो आणि फुरुकावा या जपानी केबल कंपन्यांनी अशा पेट्या बनवल्या आणि आजही जगभरच्या रस्त्यांवर त्यांची नावे दिसतात. आपल्याकडचे जॉइंटर तिला नुसते ‘मशीन’ म्हणतात.

१९८५ च्या फेब्रुवारीत जपानच्या उत्तरेकडचे असाहिकावा आणि दक्षिणेकडचे कागोशिमा ही शहरे सुमारे ३,४०० किलोमीटरच्या प्रकाशतंतूने जोडली गेली. एवढ्या लांबीत किती ठिकाणी कोणीतरी गुडघे टेकून बसले असेल, वाऱ्याने ठिणगी हलू नये म्हणून तंबू ताणला असेल, बर्फात बोटे चोळत टोके पुसली असतील, याचा विचार केला तर त्या वाटेचे मोल कळते.

जमिनीवरचा सांधा बिघडला तर पुन्हा उकरता येतो. समुद्राच्या तळाशी तसे करता येत नाही, आणि तिथे ग्रिफिथ यांचा तडा परत आला. नुकताच ओढलेला सिलिका तंतू पोलादाच्या तारेहून बळकट असतो. सांधण्यासाठी त्याच्यावरचा प्लास्टिकचा लेप खरवडला, की उघड्या काचेवर न दिसणारे ओरखडे येतात, आणि ताणाखाली हवेतली ओल त्या चिरांना हळूहळू खोल नेते. आज टिकलेला सांधा दहा वर्षांनी तुटू शकतो. बेल लॅबमध्ये जॉन क्राउस आणि चार्ल्स कुर्कजियन यांनी या प्रश्नाशी अनेक वर्षे झुंज दिली. त्यांनी ठिणगी बाजूला ठेवून ज्योतीची वाट पुन्हा धरली, आणि १९८५ मध्ये मूळ तंतूइतके बळकट सांधे जमल्याचे दाखवून दिले. १४ डिसेंबर १९८८ रोजी अटलांटिकखालची पहिली प्रकाशतंतू केबल, टॅट-८, सुरू झाली. एका वेळी चाळीस हजार संभाषणे वाहून नेणारी. समुद्री केबलमधला प्रत्येक सांधा आधी मुद्दाम ताणून पाहतात. कच्चा असेल तर तो जहाजावरच तुटावा. वर प्लास्टिक ओतल्यावर त्याचा एक्स-रे काढतात. जमिनीवर यासाठी साधा उपाय आहे: सांध्यावर पोलादी काडी असलेली स्लीव्ह सरकवून ती गरम करतात, ती आकसून तंतूला कवटाळते.

भारतात ही काच आली ती महाराष्ट्रात. १९७९ मध्ये पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली प्रकाशतंतू यंत्रणा सुरू झाली. शिकागोनंतर अवघी दोन वर्षे! १९९४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालची सी-मी-वी-२ ही केबल लागली, पुढे फ्लॅग आली. औरंगाबादजवळ वाळूजला तंतू बनू लागले. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली आणि शिशाच्या स्लीव्ह बंद करणाऱ्या हातांच्या पुढच्या पिढीने तंतू तोडायचा क्लीव्हर उचलला.

त्यांच्यातला एक मला पावसाळ्याच्या तोंडावर हमरस्त्याच्या कडेला भेटला. जेसीबीने केबल तोडली होती. जीपच्या मागच्या फळीवर मशीन, शेजारी स्पिरिटची बाटली आणि टिश्यूचा गठ्ठा. त्याने तंतू सोलला, पुसला, तोडला. तुकडा डबीत टाकला, कारण काचेची ही सुई बोटात गेली तर दिसत नाही. पडद्यावर दोन टोके दोन खांबांसारखी समोरासमोर आली, क्षणभर पांढरे झाले आणि खांब एक झाला. खाली आकडा उमटला: ०.०१.

“झाला की मग, दादा,” मी म्हटले.

“हा मशीनचा अंदाज आहे, काका,” तो म्हणाला. मशीन चित्रावरून ठरवते. खरा लॉस तपासायचा तो ओटीडीआरने: प्रकाशाचा ठोका सोडून परत येणाऱ्या क्षीण प्रकाशावरून वाटेतला प्रत्येक सांधा मोजणारे उपकरण. ही पद्धत बार्नोस्की आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये मांडली. एका बाजूने पाहिले तर कधी कधी सांध्यावर प्रकाश वाढल्याचे दिसते. अलीकडचा तंतू आणि पलीकडचा तंतू प्रकाश परत फेकण्यात सारखे नसतात म्हणून. त्यामुळे दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढावी लागते. तो हे मला सांगत असतानाच त्याने स्लीव्ह हीटरमध्ये ठेवली, फोन कानाला लावला आणि चाळीस किलोमीटरवरच्या एक्स्चेंजमध्ये बसलेल्या जोडीदाराला विचारले, “भाऊ, निळा बघ. किती दाखवतोय?”

पलीकडून उत्तर येईपर्यंत त्याने नारिंगी तंतू सोलायला घेतला होता.